एकास आठ हजार एकशे ब्याण्णव

गेल्या पावसाळ्यात माझ्या ओपीडीत एक बाई आपल्या पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तक्रार डोकेदुखीची. दुपारनंतर कपाळ ठणकतं, वर्गात पेंगतो, जेवणावर लक्ष नाही. ही त्यांची दुसरी खेप होती. पहिल्या खेपेला मीच तपासलं होतं आणि केसपेपरवर पॅरासिटामॉलखाली ‘मोबाइल बंद’ असं खरडून पुढच्या रुग्णाला हाक मारली होती. सोमवारची ओपीडी, बाहेर दीडशे माणसं. हे कारण आहे, सबब म्हणूनही चालेल.

“साहेब, मोबाइल तर याच्याकडे नाहीच,” बाई म्हणाल्या. “हे बघा काय आहे ते.” त्यांनी पिशवीतून दोन वस्तू काढून टेबलावर ठेवल्या. एक होतं पुस्तकासारखं उघडणारं, कडा झिजलेलं निन्टेंडो डीएस हे खेळाचं यंत्र. पुण्याच्या मावसभावाने नवं घेतल्यावर जुनं याला दिलेलं. दुसरी होती दोनशे पानी वही. वहीत अक्षर एक नाही. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, अशा जुड्याच जुड्या. पानाच्या तळाशी बेरीज. शेवटच्या पानावर आकडा होता ५,३१६.

“हे काय मोजतोस?” मी विचारलं. तो गप्प. आईच म्हणाली, “कुठलं तरी पाखरू शोधतोय म्हणे. निळं मिळालंय, त्याला फिकट निळं पाहिजे.”

ते पाखरू म्हणजे पिपलप नावाचा पेंग्विनसारखा प्राणी आणि खेळ म्हणजे ‘पोकेमॉन पर्ल’. ज्यांच्या घरात शाळकरी मुलं आहेत त्यांना पोकेमॉन सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात: गवतातून, गुहांतून, पाण्यातून फिरायचं, चित्रविचित्र प्राणी शोधायचे, पकडायचे, वाढवायचे आणि त्यांचा संग्रह पुरा करायचा. पहिले दोन खेळ जपानमध्ये फेब्रुवारी १९९६ मध्ये आले. त्यात प्राणी होते १५१. आज ही संख्या हजाराच्या वर गेली आहे. खेळाची कल्पना सातोशी ताजिरी यांची. १९६५ साली जन्मलेला हा माणूस तोक्योजवळच्या माचिदा गावात किडे गोळा करत वाढला. पुढे शेतं, ओढे बुजून तिथे इमारती उभ्या राहिल्या. त्यानंतरच्या मुलांना किडे शोधायची मजा घरबसल्या मिळावी, हा त्यांचा मूळ विचार.

माझ्या वयाच्या वाचकांना हे परकं वाटू नये. काडेपेटीत पाला घालून सोनकिडा पाळणं, चतुराच्या शेपटीला दोरा बांधणं (आज लाज वाटते), काडेपेट्यांवरची चित्रं जमवणं, हे आपण केलेलं आहे. एखादं चित्र कुणाकडेच नसायचं. ते ज्याच्याकडे असायचं त्याच्याभोवती मधल्या सुट्टीत घोळका असायचा.

पोकेमॉनमध्ये १९९९ च्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ या खेळांपासून नेमकं हेच आलं. कुठलाही प्राणी क्वचित कधी तरी वेगळ्या रंगात समोर येतो. खेळणारे त्याला ‘शायनी’ म्हणतात. ताकद तीच, आकार तोच, फक्त रंग निराळा आणि येताना एक चमचम. तो दिसण्याची शक्यता एकास आठ हजार एकशे ब्याण्णव. २०१३ पासूनच्या खेळांत ती दुप्पट करून एकास ४,०९६ केली. पण आमच्या गड्याचं यंत्र जुनं, म्हणून ८,१९२. तो करत होता ते असं: खेळाच्या सुरुवातीला आपला पहिला प्राणी निवडायचा असतो. त्याआधी खेळ जतन करून ठेवायचा, पिपलप निवडायचा, रंग पाहायचा, नेहमीचाच निघाला की यंत्र पुन्हा सुरू करायचं. वहीत एक रेघ. एका खेपेला साधारण दीड मिनिट. म्हणजे ५,३१६ रेघांना सुमारे १३३ तास.

“आता जवळ आलोय, सर,” तो पहिल्यांदाच बोलला. “आठ हजारच्या आत येणारच ना.”

इथे मला माझा औषधांचा पेन खाली ठेवावा लागला. कारण ही चूक या मुलाची एकट्याची नाही. आमच्या प्रसूतीच्या वॉर्डाबाहेर ती मी तीस वर्षं ऐकत आलोय: “तीन मुली झाल्या, आता मुलगाच होणार.” चौथ्या खेपेला निसर्ग मागचा हिशोब काढत बसत नाही. शक्यता पुन्हा जवळपास निम्मीच. त्या गैरसमजापायी बायकांच्या शरीराचं काय होतं, ते रक्ताच्या बाटल्या लावणाऱ्या आम्हाला माहीत आहे. पिपलपचंही तसंच. ५,३१६ वेळा हुकलं तरी पुढच्या खेपेची शक्यता तीच, एकास ८,१९२. मी त्याच्या वहीच्या मागच्या पानावर गणित मांडून दाखवलं. शंभर मुलांनी प्रत्येकी ८,१९२ वेळा प्रयत्न केला तर साधारण ६३ जणांना एकदा तरी शायनी दिसेल, ३७ जण रिकाम्या हाताने उठतील. शंभरातल्या नव्वदांना मिळायला हवा असेल तर प्रत्येकाला जवळपास १८,९०० खेपा घालाव्या लागतील. त्याच्या आकड्यापर्यंत आलेल्या मुलांपैकी निम्म्याहून थोडी जास्त अजून त्याच्यासारखीच वाट पाहत असतील. “म्हणजे माझं नशीब वाईट नाही?” त्याने विचारलं. नाही. अगदी सर्वसाधारण आहे.

मग माणूस हे करत का राहतो? बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर आणि उंदरांवर प्रयोग करून याचं उत्तर विसाव्या शतकाच्या मध्यालाच दिलं होतं. दर दहाव्या टोचीला दाणा मिळाला तर कबुतर दाणा खाऊन जरा थांबतं. पण दाणा कधी तिसऱ्या, कधी चाळिसाव्या टोचीला मिळू लागला, काहीच नेम राहिला नाही, की ते न थांबता टोचत राहतं. दाणे बंद केल्यावरही बराच वेळ टोचत राहतं. पुढे वोल्फराम शुल्त्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिनच्या पेशींचे संदेश नोंदवले. अपेक्षा नसताना रस मिळाला की त्या पेशी जोरात बोलतात. रस मिळणार हे आधी कळलं, की रसाच्या वेळी नव्हे तर त्या खुणेच्या वेळी बोलतात. कबूल केलेला रस आला नाही तर गप्प होतात. डोपामिनला वर्तमानपत्रांत ‘आनंदाचं रसायन’ म्हणतात ते अर्धवट आहे. ते अंदाज आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकाचा हिशोब ठेवणारं रसायन आहे. पडदा उजळतो आणि पेंग्विन कुठल्या रंगाचा हे अजून दिसलेलं नसतं, तेवढ्या अर्ध्या सेकंदासाठी माणूस पुन्हा बटण दाबतो.

आणि मेंदूवर याचा ठसाही उमटतो. २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी लहानपणी पोकेमॉन भरपूर खेळलेल्या आणि न खेळलेल्या प्रौढांचे मेंदू एमआरआयमध्ये पाहिले. खेळलेल्यांमध्ये मेंदूच्या मागच्या, चित्रं ओळखणाऱ्या भागात एक ठरावीक जागा या प्राण्यांना खास प्रतिसाद देत होती. एका हातातल्या छोट्या पडद्याकडे वर्षानुवर्षं एकाच अंतरावरून पाहिल्याचा तो परिणाम. ऐकून पालक दचकतात. पण असाच ठसा अक्षरं वाचायला शिकल्यानेही उमटतो. मेंदू बदलला म्हणजे बिघडला असं नाही.

खेळामुळे तब्येत सुधारते, ही बाजूही मला तितकीच सावधपणे घ्यावीशी वाटते. २०१६ च्या जुलैत ‘पोकेमॉन गो’ आला. खऱ्या रस्त्यांवरून चालत प्राणी शोधायचे, म्हणून जगभर डॉक्टर मंडळी खूश झाली. लठ्ठपणावर औषध सापडलं असं वाटलं. त्याच वर्षी ‘बीएमजे’मध्ये अमेरिकेतल्या तरुणांचा अभ्यास आला. पहिल्या आठवड्यात दिवसाला सरासरी ९५५ पावलं वाढली आणि सहाव्या आठवड्यापर्यंत चालणं पुन्हा होतं तिथेच आलं. त्याआधी २००२ मध्ये केंब्रिजच्या प्राणिशास्त्रज्ञांनी ब्रिटनमधल्या १०९ शाळकरी मुलांना चित्रं दाखवली होती. आठ वर्षांच्या मुलांना पोकेमॉन ७८ टक्के ओळखता आले, आसपासचे खरे प्राणी आणि झाडं ५३ टक्के. लेखकांनी पोकेमॉनला शिव्या दिल्या नाहीत. मुलांची ओळखण्याची, नावं लक्षात ठेवण्याची भूक अफाट आहे आणि आपण निसर्गप्रेमी मंडळी ती भागवायला कमी पडलो, असा त्यांचा सूर होता. मला तो पटतो. आमचा हा रुग्ण पाच हजारांच्या वर खेपा झाल्यानंतरही निळ्या रंगाच्या दोन छटांमधला फरक अर्ध्या सेकंदात टिपत होता. पॅथॉलॉजीच्या विद्यार्थ्यांमध्ये इतकी नजर मी क्वचित पाहतो.

पण डोकेदुखी? तिच्याकडे येतो, कारण मूळ चूक तिथेच झाली होती.

मी विचारलं, “खेळतोस कधी?” तो म्हणाला, “रात्री. एक ते चार.” मी आईकडे पाहिलं. “तेव्हापासूनची सवय आहे,” त्या म्हणाल्या. “याचे वडील तुमच्याच वॉर्डात होते ना.”

एप्रिलमध्ये त्याचे वडील माझ्याच वॉर्डात चोवीस दिवस होते. यकृतात पू झाला होता, नळी टाकून काढावा लागला. दिवसा आई, आणि आईला धाकटीकडे घरी जावं लागायचं म्हणून रात्री हा. सरकारी रुग्णालयात रात्रपाळीला साठ रुग्णांमागे दोन सिस्टर असल्या की सलाइन संपत आलं हे पाहायचं काम नातेवाइकाचं असतं. नियमात ते कुठेही लिहिलेलं नाही, पण प्रत्येकाला ठाऊक आहे. “झोप लागली आणि बाटली संपली तर?” तो म्हणाला. “म्हणून हे खेळायचो. दीड मिनिटाने वर बघायचं, बाटली बघायची, परत रेघ मारायची.”

मी त्या वॉर्डात रोज सकाळी राउंड घेत होतो. या मुलाचा चेहरा मला आठवेना. त्याला मात्र मी आठवत होतो. “शेजारच्या खाटेवरच्या दादाच्या डोळ्यात बॅटरी मारून तुम्ही सगळ्या डॉक्टरांना दाखवत होतात, सर. खूप वेळ.”

खरं होतं. शेजारी विल्सन्स डिसीजचा तरुण होता. शरीरात तांबं साठत जाणारा आनुवंशिक आजार, साधारणपणे तीस हजारांत एक. बुबुळाच्या कडेला सोनेरी-तपकिरी कडं दिसतं. ते नीट पाहायला नेत्रविभागातलं स्लिट लॅम्प लागतं, पण या तरुणात ते साध्या बॅटरीनेही दिसत होतं. असा रुग्ण आला की वॉर्डात बातमी पसरते, दुसऱ्या युनिटचे निवासी डॉक्टर येतात, फोटो काढायची परवानगी घेतली जाते. मी त्या खाटेपाशी त्या सकाळी अर्धा तास उभा होतो. दोन फुटांवर वडिलांच्या पायथ्याशी एक मुलगा लाल डोळ्यांनी बसला होता, आणि तो आमच्या वॉर्डात अगदी रोजचा, प्रत्येक खाटेपाशी सापडणारा प्रकार होता. आम्ही डॉक्टरही शायनी शोधत फिरतो. ते चूकही नाही. त्या तरुणाचं निदान झालं म्हणून त्याचं यकृत वाचण्याची आशा आहे. पण दुर्मीळाची चटक लागली की नेहमीच्या निळ्याकडे नजर जात नाही, हे मला एका पंधरा वर्षांच्या मुलाकडून कळावं लागलं.

वडील बरे झाले, पुन्हा टेम्पो चालवू लागले. मुलाचं झोपेचं घड्याळ मात्र चारवरच अडकून राहिलं. तेरा ते अठरा वयात आठ ते दहा तास झोप लागते, हा साडेचार तास झोपत होता. डोकं दुखणारच. शिवाय नेत्रविभागात पाठवलं तर दोन्ही डोळ्यांना पावणेदोनचा मायनस नंबर निघाला. ‘मोबाइल बंद’ लिहून मी यातलं काहीच पाहिलं नव्हतं.

त्यामुळे आमच्या व्यवसायातल्या मंडळींना माझं सांगणं आहे की ‘खेळाचं व्यसन’ हा शब्द केसपेपरवर लिहायला घाई करू नका. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ला जागा दिली, ते वर्गीकरण २०२२ पासून लागू आहे. पण त्याच्या अटी कडक आहेत. खेळावरचा ताबा सुटलेला असणं, इतर सगळ्या गोष्टींपेक्षा खेळ वरचढ होणं, नुकसान होत असूनही तो वाढतच जाणं, आणि हे सगळं साधारणपणे बारा महिने. अशी मुलं खरोखर असतात, मी पाहिली आहेत, त्यांना मानसोपचाराची गरज असते. वहीत रेघा मारणारं प्रत्येक मूल त्यात बसत नाही. विचारायचं ते हे की झोप किती, शाळा चालू आहे का, मित्र आहेत का, आणि हे सुरू झालं तेव्हा घरात काय चाललं होतं. शेवटचा प्रश्न आम्ही सर्वांत कमी विचारतो.

आणखी एक प्रश्न आहे आणि तो पालकांनी विचारायचा आहे: हा खेळ पैसे मागतो का? या मुलाचा खेळ २००६ सालचा. एकदा घेतला की संपलं. ८,१९२ पैकी एकही खेप विकत घेता येत नाही, म्हणून त्या दुर्मीळपणाची किंमत वेळातच मोजावी लागते. आजच्या मोबाइलवरच्या कित्येक खेळांत तोच दुर्मीळ प्राणी, तीच तलवार, तोच खेळाडू बंद पेटीत असतो आणि पेटी उघडायला पैसे पडतात. आत काय निघेल याचा नेम नाही. स्किनरचं कबुतर आणि यूपीआय एकाच ठिकाणी. जपानने अशा सोडतींच्या एका प्रकाराला २०१२ मध्येच लगाम घातला, चीनने २०१७ पासून शक्यतांचे आकडे जाहीर करायला लावले, बेल्जियमने २०१८ मध्ये या पेट्यांना जुगार ठरवलं. आपल्याकडे २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. मुलांच्या खेळांतल्या या पेट्यांकडेही तितक्याच कडक नजरेने पाहावं असं माझं मत आहे. निदान पेटीवर शक्यता लिहिलेली असावी, ठळक, मराठीत, आणि तिच्या शेजारी ६३ आणि ३७ चं गणितही. औषधाच्या पाकिटावर आपण इशारे छापायला लावतो, तसंच.

मी त्याचं यंत्र काढून घ्या असं आईला सांगितलं नाही. आईला ते फारसं आवडलं नाही, हेही नमूद करतो. चष्मा, रात्री साडेदहाला दिवा बंद, सकाळी उठून पंधरा मिनिटं उन्हात, आणि रात्रीच्या जेवणाआधी वीस रेघा, त्याहून जास्त नाहीत, असं ठरलं. घड्याळ सरकायला वेळ लागतो, रोज थोडं थोडं मागे आणावं लागतं. पहिले दहा दिवस तो बारापर्यंत छताकडे बघत पडायचा म्हणे.

दोन महिन्यांनी तिघंही आली. वडिलांचं सोनोग्राफीचं काम होतं. मुलाच्या नाकावर काळ्या काड्यांचा चष्मा. डोकं दुखत नव्हतं, चाचणी परीक्षेत गणितात बरे गुण होते. वही बरोबर होती. मी शेवटचं पान उघडलं. ६,४९६.

“अजून नाही?” मी विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. “आणि सर, पप्पांना सांगा ना तुम्ही. ते म्हणतात आता जवळ आलंय.”